कल्याणची यमुना

ठाण्यात काय किंवा डोंबिवलीत काय, घरात बारसे निघाले की पाळण्याभोवती एक वाद हमखास रंगतो. आजी भीतभीत 'यमुना' किंवा 'गोदावरी' सुचवून पाहते आणि तरुण मंडळी 'फारच जुनाट!' म्हणून ते नाव मोडीत काढतात. पण नाव जुनाट होते म्हणजे नेमके काय होते? 'भागीरथी' जुने आणि 'जान्हवी' नवे, असे आपण म्हणतो. वस्तुतः दोन्ही नावे एकाच गंगेची. पेशव्यांच्या घरातील राधाबाई, रमाबाई घ्या. त्यांतली 'बाई' गळून पडली आणि राधा, रमा पुन्हा तरुण झाल्या. तेव्हा नाव अर्थाने जुने होत नाही. ते ज्यांच्या तोंडी रुळले ती पिढी म्हातारी होते, इतकेच. आजची गोंडस नावेही या नियमातून सुटणार नाहीत.

परंतु इतिहास चाळू लागले की याहून मोठा प्रश्न पुढे येतो. हे नाव तिचे होते का?

कल्याणच्या जोशी घराण्यात 1865 साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला. माहेरचे आडनाव जोशी, सासरचेही जोशी. बदलायला आडनाव उरलेच नव्हते. तरी रिवाज तो रिवाज. यमुना पुसली गेली आणि आनंदी झाली. 1886 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली ती आनंदीबाईंनी. पुढच्याच वर्षी पुण्यात त्या वारल्या, तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. शुक्र ग्रहावरील एका विवराला आज त्यांचे 'जोशी' हे आडनाव आहे. कल्याणची यमुना मात्र त्या कीर्तीत कोठेच दिसत नाही.

ही एकटीची कथा नव्हे. 1873 साली न्यायमूर्ती रानडे यांच्या घरी वधू म्हणून आलेली कुर्लेकरांची मुलगीही यमुनाच. तिची रमाबाई झाली. ज्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा आपण आज चालवतो, तिचा आरंभ रानड्यांनी 1875 साली पुण्यात केला. एवढ्या मोठ्या सुधारकाच्या घरातही नाव बदलण्याची रीत चालूच राहिली, यावरून ती किती खोल रुजली होती हे कळते. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली विधवेशी विवाह करून समाजाचा रोष पत्करला. पण गोदूबाईंचे नाव तेथेही आनंदीबाई झाले. ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिताना जुने नाव कोणाच्या हातून पुसले जाते, हे पाहण्याची कोणाला गरजच वाटली नव्हती.

आणखी एक नाव आहे. त्याला जुनाट म्हणून चालणार नाही, क्रूरच म्हटले पाहिजे. मुलीवर मुलगी झाली की तिला 'नकुशी' म्हणायचे, म्हणजे पुढचा मुलगा होईल, ही समजूत. 22 ऑक्टोबर 2011 रोजी साताऱ्यात 285 मुलींची अशी नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या 894. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. नाव बदलले ते चांगलेच झाले. मन बदलण्याचे काम किती बाकी आहे, ते हे आकडे सांगतात.

आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्रात झाला आहे. ज्या यमुनांची नावे तांदळात विरून गेली, त्यांच्या पणत्यांच्या मुलांच्या कागदावर आईचे नाव उमटेल, ही काही लहान गोष्ट नव्हे.

म्हणून बारशाच्या दिवशी वाद अवश्य घाला. जुने नाव ठेवा, नवे ठेवा. आजीने सुचवलेली यमुना पसंत पडली नाही तरी बिघडले नाही. मात्र आत्या कानात जे नाव सांगेल, ते मुलगी हवीशी आहे असे सांगणारे असावे. आणि पुढे कोणाच्या रिवाजाखातर ते तिच्याकडून काढून घेतले जाऊ नये. ठेवायचे की बदलायचे, हे तिचे तिने ठरवावे.