पन्नास पावलांचा किनारा

८१ मीटर २१ सेंटिमीटर. मॉरिशसच्या कायद्यात समुद्रालगतच्या सरकारी जमिनीच्या पट्ट्याची किमान रुंदी इतकी दिलेली आहे. हा असा तिरपागडा आकडा आला कुठून? फ्रेंचांच्या जुन्या मापात पाच फूट म्हणजे एक 'भूमितीय पाऊल'. त्यांचा फूट आपल्या फुटापेक्षा जरा मोठा, साधारण साडेबत्तीस सेंटिमीटरचा. अशी पन्नास पावलं मोजली की ८१ मीटर २१ सेंटिमीटर होतात.

अठराव्या शतकात या बेटावर फ्रेंचांचं राज्य होतं. भरतीच्या रेषेपासून आत पन्नास पावलं जमीन राजाची, असा त्यांचा नियम. हेतू संरक्षणाचा होता. शत्रूची जहाजं दिसली तर तोफा मांडायला आणि शिपायांना ये-जा करायला जागा मोकळी हवी. १८०७ मध्ये हा पट्टा कुणालाही कायमचा विकता येणार नाही, असं ठरलं. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, १८९५ मध्ये त्यांनी या पट्ट्यासाठी कायदा केला, १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. फूट गेले, मीटर आले, पावलं मात्र पन्नासच राहिली. तोफांसाठी राखलेल्या त्या पट्ट्यावर आज लहान मुलं वाळूचे किल्ले करतात.

'मॉरिशस फॅमिली पॅकेज' असं फोनवर शोधलं की एकसारखे फोटो येतात. निळं-हिरवं उथळ पाणी, पांढरी वाळू, आईबाबा आणि पाण्यात पाय बुडवून बसलेली दोन मुलं. पाणी उथळ आणि शांत असतं, कारण बेटाला जवळपास चहूबाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि आत लहान मुलांना सोडता येईल असं तळं तयार होतं. हे निसर्गाचं काम. पण त्या वाळूवर एखाद्या कुटुंबानं सुट्टीच्या दिवशी निवांत जाऊन बसावं, यासाठी तीन गोष्टी लागतात: हातात मोकळा दिवस, रोगराई नसलेली जागा आणि कुणी हाकलणार नाही अशी जमीन. यातली एकही गोष्ट मॉरिशसला आयती मिळालेली नाही.

रविवारची किंमत

बेटावर मूळची माणसं नव्हती. डच १५९८ मध्ये उतरले, त्यांच्या काळात डोडो संपला आणि पुढे तेही निघून गेले. मग फ्रेंच आले आणि त्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेतून गुलाम आणले. १ फेब्रुवारी १८३५ला गुलामगिरी कायद्यानं संपली तेव्हा बेटावर साठ हजारांहून जास्त गुलाम होते. भरपाई मिळाली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून जास्त. गुलामांना काहीच नाही. उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली त्यांना आणखी काही वर्षं त्याच मळ्यांवर राबवलं गेलं.

बेटाच्या नैऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा डोंगर थेट समुद्रात घुसलेला आहे. पायथ्याचा किनारा आज पतंगाच्या साहाय्यानं लाटांवर सरकणाऱ्या हौशी लोकांमुळे प्रसिद्ध आहे. मळ्यांवरून पळालेले गुलाम या डोंगराच्या कपारींत लपून राहायचे. स्थानिक लोक एक कथा सांगतात. गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढू लागले, तेव्हा आपल्याला पकडायलाच आले असं समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कथा शब्दशः खरी असो वा नसो, १ फेब्रुवारीला लोक आजही त्या डोंगराच्या पायथ्याशी जमतात. २००८ मध्ये युनेस्कोनं ल मोर्नला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

गुलाम सुटले, ऊस तसाच उभा होता. मळेवाल्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. २ नोव्हेंबर १८३४ला 'अॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून जास्त भारतीय या बेटावर उतरले. बहुतेक बिहार आणि आसपासचे, बरेच मद्रासकडचे. मुंबई बंदरातून आलेले तुलनेनं कमी, आणि त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे मराठी लोक होते.

बंदरातल्या ज्या आवारात त्यांची नोंद व्हायची, त्याला आज 'आप्रवासी घाट' म्हणतात. ताईच्या कुटुंबाबरोबर मॉरिशसला गेलो होतो तेव्हा आम्ही एक सकाळ तिथे घालवली. भाचा सात वर्षांचा, भाची चार. घाटाच्या पायऱ्या सोळा आहेत. भाच्यानं त्या दोनदा मोजल्या. बोटीतून उतरलेला प्रत्येक माणूस याच पायऱ्या चढून आत यायचा, असं ताईनं सांगितल्यावर त्यानं विचारलं, "मुलंपण?" हो, मुलंपण. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. वहीत नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. पुढे फोटोही निघू लागले. या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत आणि आज अनेक मॉरिशियन आपल्या पणजोबांचा माग त्या नंबरावरून काढतात. दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालणाऱ्या माझ्यासारख्याला ही व्यवस्था लगेच समजते. माणूस नंबरानं ओळखायचं ठरलं की त्याच्यावर लक्ष ठेवणं किती सोपं होतं, हेही समजतं.

करार साधारण पाच वर्षांचा. पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, या पद्धतीला 'डबल कट' म्हणत. रविवार नावाला सुट्टीचा, पण सकाळी गोठा आणि मळ्याची साफसफाई करून द्यावीच लागे. करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७च्या कायद्यानं जुन्या मजुरांना फोटो चिकटवलेलं ओळखपत्र सतत जवळ बाळगावं लागू लागलं. ते नसताना, किंवा परवानगीविना दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं, तर 'भटक्या' म्हणून अटक.

समुद्र कुठल्याही मळ्यापासून फार लांब नाही. बेटच जेमतेम ६५ किलोमीटर लांबीचं आहे. पण मधे पोलीस होता आणि खिशात पास होता. आपल्या कोकणातून आलेली ही माणसं दर्याला नवखी नव्हती. जन्मभर लाटांचा आवाज ऐकलेली माणसं पुन्हा एका समुद्रानं वेढलेल्या जागी आली आणि उसात अडकून पडली.

१८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. पासची जाच, पोलिसांची दंडेली, कापलेले पगार, सगळं त्यात होतं. अर्ज लिहायला मदत केली आडोल्फ द प्लेवित्झ यानं. तो स्वतः मळ्याचा कारभार पाहणारा युरोपीय. त्याला बेटावरून हाकला म्हणून मळेवाल्यांनी ओरड केली. पण १८७२ मध्ये इंग्लंडहून चौकशी आयोग आला, १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि पकड हळूहळू सैल होऊ लागली. मजुराला स्वतःचा म्हणता येईल असा दिवस मिळण्याची सुरुवात या अर्जापासून धरायला हरकत नाही.

डास

दुसरी अडचण पासपेक्षा जुनाट ठरली. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर मलेरियाची भीषण साथ आली. पोर्ट लुई आणि सखल किनारी भागात हजारो माणसं गेली. ज्यांच्याकडे पैसा होता ते उंचावरच्या थंड क्यूरपीपकडे राहायला गेले. किनाऱ्यावर मागे उरले ते मच्छीमार आणि गरीब. आज 'सी व्ह्यू'चे जादा पैसे पडतात. तेव्हा समुद्रापासून दूर राहणं ही श्रीमंतीची खूण होती.

१९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांना बेटावर बोलावण्यात आलं. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात असतो, हे त्यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला शोधलं होतं. त्यांनी दलदली बुजवा, गटारं करा, असे उपाय सुचवले. खरा फरक पडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ पासून घरोघरी झालेल्या डीडीटी फवारणीनं. १९७३ मध्ये मॉरिशस मलेरियामुक्त जाहीर झालं. १९७५च्या चक्रीवादळानंतर रोग परत आला, पण तोही पुढे आटोक्यात आणला गेला. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला घेऊन या किनाऱ्यावर निर्धास्त राहता येतं, ही आपल्या आईबाबांच्या पिढीतली गोष्ट आहे.

पाहुणे आणि घरचे

१९६१ मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी मॉरिशसविषयी निराशाजनक अहवाल दिला होता: लोकसंख्या वाढतेय, उसाशिवाय दुसरं काही नाही, पुढे काळोख. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९६८ मध्ये, बेटावर जेमतेम पंधरा हजार पर्यटक आले. नव्या सरकारनं कापडउद्योगाबरोबर पर्यटनावरही जोर दिला. स्वस्तातली चार्टर विमानं नकोत, थोडे पण पैसेवाले पाहुणे हवेत, हे धोरण. किनाऱ्यावर मोठी हॉटेलं उभी राहिली. २०१८ आणि २०१९ मध्ये दरवर्षी तेरा लाखांहून जास्त पर्यटक आले. देशाची स्वतःची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे.

आता पन्नास पावलांकडे परत येऊ. हा पट्टा विकता येत नाही, पण भाडेपट्ट्यानं देता येतो. पूर्वी तो मळेवाल्यांच्या सुट्टीतल्या बंगल्यांसाठी गेला, नंतर हॉटेलांसाठी. ओल्या वाळूवर चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे, पण वाळूपर्यंत पोचायची वाटच हॉटेलच्या आवारात गेली तर? म्हणून काही किनारे 'सार्वजनिक' म्हणून जाहीर केलेले असतात आणि मॉरिशियन माणसाचा जीव त्यांच्यावर आहे.

रविवारी फ्लिक आँ फ्लाकला किंवा बेल मारला गेलात तर कारण कळेल. शेजारपाजारच्यांनी मिळून ठरवलेली बस येते. फिलाओच्या, म्हणजे आपल्या सुरूच्या झाडांखाली चादरी पसरतात. पातेल्यातून बिर्याणी निघते. दालपुरीच्या गाडीपुढे रांग लागते. पुरणपोळीत गूळ घालायचा राहिला तर जशी लागेल, साधारण तशी ती लागते. कुणीतरी रावान नावाचा डफासारखा ढोल शेकतं आणि सेगा सुरू होतो, गुलामांनी जन्माला घातलेला नाच. आजी खुर्चीत, पोरं पाण्यात. आमची दोघं त्या पोरांत इतकी मिसळली की भाषेचा प्रश्नच आला नाही.

२०१६च्या सुमारास दक्षिणेकडच्या पोंपोनेत किनाऱ्याचा काही भाग सार्वजनिक यादीतून काढून हॉटेलसाठी द्यायचं ठरलं, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं क्रिओल भाषेतलं नावच 'आमचे किनारे चोरणं थांबवा' असं होतं. २५ जुलै २०२० ला 'वाकाशिओ' हे जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर आदळलं. ऑगस्टच्या सुरुवातीला सुमारे हजार टन तेल सांडलं. तेव्हा हजारो लोक सरकारची वाट न बघता धावले. उसाचा पाला कापडात भरून, शिवून त्यांनी तेल अडवणाऱ्या लांबच लांब गुंडाळ्या केल्या. काहींनी त्यासाठी डोक्यावरचे केस कापून दिले. ज्या उसानं पणजोबांना समुद्रापासून तोडलं, त्याच उसाचा पाला पणतवंडांनी समुद्र वाचवायला वापरला.

कोकणातल्या त्या लोकांचं पुढे काय झालं, हेही इथेच सांगायला हवं. मॉरिशसमधली मराठी कुटुंबं आज घरात बहुधा क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि आपल्या जाखडीची बहीण शोभावी अशी 'झाकरी' गणपतीपुढे नाचली जाते. विसर्जनाला मिरवणुका त्याच किनाऱ्यांवर येतात. ज्यांच्या पूर्वजांना परवानगीशिवाय जिल्हा ओलांडता येत नव्हता, ती माणसं गणपती डोक्यावर घेऊन वाजतगाजत पाण्यात उतरतात.

मुलांना घेऊन जाणार असाल तर हॉटेलच्या किनाऱ्याबरोबर एक रविवार सार्वजनिक किनाऱ्यासाठी ठेवा. आणि तिथे त्यांना एक खेळ द्या. भरतीच्या रेषेवर उभं करा आणि समुद्राकडे पाठ करून पावलं मोजायला सांगा. फ्रेंचांचं ते पाऊल म्हणजे आपली दोन पावलं, त्यामुळे मोठ्या माणसाला शंभराच्या वर लागतील, चार वर्षांच्या पोरीला दोनशेच्या वर. मोजणी संपेपर्यंत वाटेत काय काय लागतं ते बघा. कुठे सुरूची झाडं आणि कुणाची तरी चादर लागेल. कुठे भिंत लागेल. भिंत लागली की ती कुणाची, हे मुलं विचारतीलच.