शेरभर तेल: मापाचे की वजनाचे?

तेल हा पदार्थ मोजण्याच्या दृष्टीने मोठा फसवा आहे. धान्य पायलीने मोजले जाई, सोने काट्यावर तोलले जाई. तेल मात्र मापातही मावते आणि तराजूवरही चढते. या दोन रीतींनी घेतलेले तेल सारखे भरत नाही, आणि जो फरक पडतो तो कोणी सोसावयाचा, हा प्रश्न फार जुना आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, वजनमापांचा स्वतंत्र अध्याय आहे. चार कुडुबांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण अशी मापे सांगून ग्रंथकार तुपातेलाकडे वळतो. चौऱ्याऐंशी कुडुब तूप म्हणजे एक वारक. तेलाचा वारक मात्र चौसष्ट कुडुबांचा. पण खरी मौज पुढेच आहे. तापवून पातळ केलेल्या तुपावर बत्तिसावा हिस्सा आणि तेलावर चौसष्टावा हिस्सा ‘तप्तव्याजी’ म्हणून अधिक द्यावा, असे तो सांगतो. शिवाय द्रव पदार्थ मापातून सांडतो, मापाला चिकटून राहतो, म्हणून पन्नासावा हिस्सा ‘मानस्राव’ निराळाच! उष्णतेने तेल फुगते, फुगलेल्या तेलाने माप लवकर भरते, आणि घरी नेऊन ते निवले म्हणजे गिऱ्हाइकाची भरणी ऊणी दिसते. चौसष्टावा हिस्सा म्हणजे शेकडा दीडहून थोडा अधिक. तेल सुमारे वीस अंश सेल्सियसने तापले तर त्याचे आकारमान जवळजवळ एवढेच वाढते. उष्णतामापक यंत्राच्या कितीतरी आधीचा हा हिशेब आहे!

पुढे व्यवहारात शेर आला आणि घोटाळा वाढला. कारण शेर मापीही होता आणि वजनीही. नवटाक, पावशेर, अच्छेर ही नावे दोन्हीकडे तीच. त्यात मण प्रांतोप्रांती निराळा: बंगालचा सुमारे ८२ रत्तलांचा, मुंबईचा २८ रत्तलांचा, मद्रासचा अवघा २५ रत्तलांचा. १८३३ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनचा तोळा ठरविला आणि १९३९ च्या कायद्याने ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण मान्य केला. परंतु हे सारे वजनाचे झाले. पळीने घेतलेल्या तेलास त्याचा उपयोग थोडाच. तोलून घ्यावे तर आधी रिकाम्या भांड्याचा धडा करावा लागे. चार पैशांच्या तेलासाठी एवढा खटाटोप कोण करणार?

१९५६ च्या कायद्याने आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने झालेल्या अंमलबजावणीने किलोग्रॅम व लिटर आले. नावे निराळी झाली, हा मोठाच लाभ. तथापि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेले समीकरण लोकांनी नकळत तेलालाही लावले. तेल पाण्यावर तरंगते, ही गोष्ट मात्र हिशेबात विसरली जाते. सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंशांवर ९१९ ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो तेलास सुमारे १ लिटर ८८ मिलिलिटर जागा लागते. १५ किलोच्या डब्यात त्यामुळे सव्वासोळा लिटरांहून थोडे अधिक तेल असते, तर १५ लिटरच्या डब्यात पावणेचौदा किलोंच्या आसपास.

बंद पिशव्यांच्या काळात कौटिल्याची तप्तव्याजी उलट्या रीतीने अवतरली. लिटरमध्ये परिमाण छापल्यास तुल्य वजनही छापावे, असा नियम आहे. त्यावर काही उत्पादक ६० अंश तापमानाचा हवाला देऊ लागले. या तापमानास तेच एक लिटर सोयाबीन तेल केवळ ८९२.६ ग्रॅम भरते! छापलेला आकडा खोटा नव्हता; पण साठ अंश तापलेले तेल स्वयंपाकघरात कोण साठवून ठेवतो? दर पिशवीमागे २६ ग्रॅमांची ही तूट गिऱ्हाइकाच्या पदरी येत होती. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख गाळून परिमाण व वजन छापावे, आणि पिशवीत तेवढेच वजन भरावे, असे उत्पादकांना बजावले. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत देण्यात आली.