वेबसाइटवर लोक येतात, पण विक्री शून्य : अ‍ॅफिलिएट साइट कशी तपासावी, कशी सुधारावी

जालना शहरात आणि भोकरदन, अंबड, परतूर, मंठा अशा तालुक्याच्या गावांतही शिकलेली मुलं-मुली घरबसल्या कमाईसाठी शॉपिंगची वेबसाइट काढू लागली आहेत. दुकान नको, माल नको, गोदाम नको. पण काही महिन्यांनी अनेकांची एकच तक्रार असते. लोक रोज येतात, आकडा वाढतो, खात्यात मात्र एक रुपया येत नाही. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे दरवर्षी भरावेच लागतात. मग घरातले विचारतात, "हे किती दिवस चालवायचं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर अंदाजाने देऊ नये, हिशेबाने द्यावं.

अ‍ॅफिलिएट म्हणजे काय?

आपल्या जालन्याच्या मोंढ्यात आडत्या असतो. माल शेतकऱ्याचा, पैसा खरेदीदाराचा, आणि दोघांची गाठ घालून दिल्याबद्दल आडत्याला आडत मिळते. अ‍ॅफिलिएट वेबसाइट हेच काम इंटरनेटवर करते. तुम्ही वस्तूची माहिती लिहिता आणि खाली लिंक देता. त्या लिंकवरून कुणी खरेदी केली तर कंपनी तुम्हाला कमिशन देते. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत १९९६ मध्ये सुरू केली. अ‍ॅमेझॉनचं भारतातलं दुकान जून २०१३ मध्ये उघडलं.

दलाली हलाल की हराम, हा प्रश्न घराघरात निघतो. इमाम बुखारी यांनी आपल्या हदीस संग्रहात दलालाच्या मोबदल्यावर वेगळं प्रकरण केलं आहे. त्यात इब्ने सीरीन, अता, इब्राहिम आणि हसन यांना अशा मोबदल्यात हरकत वाटत नव्हती, असं नमूद आहे. म्हणजे दलाली मुळात जायज आहे. वस्तू हलाल असावी, मोबदला ठरलेला असावा आणि कुणाची फसवणूक नसावी, या अटी मात्र पाळाव्या लागतात. एखाद्या वस्तूबद्दल शंका असेल तर आपल्या भागातल्या जाणकार आलिमांना विचारून घ्यावं.

आधी साखळी कुठे तुटते ते पाहा

पाहुणा आला, त्याने लिंक दाबली, वस्तू घेतली, वस्तू परत केली नाही, मग कमिशन जमा झालं. ही पाच कड्यांची साखळी आहे. कोणती कडी तुटली आहे हे कळल्याशिवाय साइटचा रंग, थीम, नाव बदलत बसण्यात अर्थ नाही. गूगल सर्च कन्सोल आणि गूगल अ‍ॅनालिटिक्स ही दोन्ही साधनं फुकट आहेत. पहिल्यात लोक काय शोधून आले ते दिसतं, दुसऱ्यात कुठून आले आणि किती वेळ थांबले ते दिसतं. किती क्लिक झाले आणि किती ऑर्डर आल्या, हे अ‍ॅफिलिएट खात्याच्या अहवालात असतं.

एक साधा हिशेब मांडू. समजा महिन्याला १,००० लोक आले. त्यातल्या १०० जणांनी लिंक दाबली. त्यातल्या तिघांनी प्रत्येकी ५०० रुपयांची वस्तू घेतली. कमिशन ५ टक्के धरलं तर एका वस्तूमागे २५ रुपये आणि महिन्याला ७५ रुपये होतात. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. पण यातून दोन गोष्टी कळतात. एक, महिन्याला ३०-४० क्लिक असतील आणि विक्री शून्य असेल, तर त्यावरून साइट बिघडली असं म्हणता येत नाही, कारण नमुनाच छोटा आहे. दोन, शेकडो क्लिक होऊनही एकही ऑर्डर नसेल, तर कुठेतरी नक्की गडबड आहे.

पहिला प्रकार : लोक येतात, पण लिंक दाबत नाहीत

बहुतेक वेळा याचं कारण म्हणजे येणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. "इहराम कसा बांधावा" हे शोधणाऱ्याला माहिती हवी आहे. ती मिळाली की तो निघून जातो. "उमराहसाठी सुती इहराम कोणता घ्यावा" असं शोधणारा मात्र खरेदीच्या तयारीत आहे. तसंच "सोयाबीनवर अळी का पडते" वाचणारा वेगळा आणि "बॅटरी फवारणी पंप १६ लिटरचा घ्यावा की २० लिटरचा" विचारणारा वेगळा. सर्च कन्सोलमधली शोधशब्दांची यादी काढा. माहितीचे शब्द एका बाजूला, खरेदीचे दुसऱ्या बाजूला लिहा. दुसरी बाजू रिकामी असेल तर रोग सापडला. माहितीचे लेख काढून टाकू नका. त्यांच्यातून खरेदीच्या लेखाकडे जाण्याची वाट करून द्या.

आणखी एक तपासणी आवश्यक आहे. मराठी साइटवर अचानक परदेशातून शेकडो लोक येत असतील आणि दोन-चार सेकंदांत जात असतील, तर ती माणसं नसून बॉट असण्याची शक्यता जास्त. "इतक्या रुपयांत १०,००० व्हिजिटर" अशी पॅकेजं विकत घेऊ नका. आकडा फुगतो, धंदा होत नाही.

मग पानाकडे पाहा. आपल्याकडचा वाचक मोबाइलवर वाचतो. फोटो जड असतील तर पान उघडेपर्यंत तो परत फिरतो. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाकला की पान किती हळू आहे ते फुकटात कळतं. लिंक लेखाच्या तळाशी दडलेली नसावी. आणि बटणावर नुसतं "इथे क्लिक करा" लिहिण्यापेक्षा "आजची किंमत पाहा" असं काय मिळणार ते लिहावं.

दुसरा प्रकार : लिंक दाबतात, पण ऑर्डर येत नाही

प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघा. वस्तू संपली आहे का? किंमत वाढली आहे का? घनसावंगी किंवा जाफराबादचा पिनकोड टाकल्यावर ती पोहोचते का? पैसे वस्तू मिळाल्यावर देण्याची सोय आहे का? लिंक अमेरिकेच्या अ‍ॅमेझॉनची तर नाही ना? हे सगळं गिऱ्हाईक पाहणारच आहे, म्हणून ते आधी तुम्ही पाहा.

नंतर तुमचा आयडी लिंकमध्ये शाबूत आहे का ते तपासा. लिंक उघडल्यावर वरच्या पत्त्यात टॅगपुढे तुमचा आयडी दिसायला हवा. भारतातल्या अ‍ॅमेझॉनच्या आयडीच्या शेवटी २१ असतं. आयडी गळला असेल तर विक्री होऊनही तुमच्या नावावर येणार नाही. शिवाय अ‍ॅमेझॉनवर लिंक दाबल्यापासून साधारण २४ तासांच्या आतली खरेदीच धरली जाते. मधल्या वेळात त्याने दुसऱ्या कुणाची लिंक दाबली तर कमिशन तिकडे जातं. म्हणून विचार करायला लावणाऱ्या महागड्या वस्तूपेक्षा लगेच घेतली जाणारी छोटी वस्तू नवशिक्याला बरी. जानमाज, अत्तर, टिफिन, दप्तर, मुलांची पुस्तकं ही अशी उदाहरणं.

सगळं ठीक असूनही ऑर्डर येत नसेल तर प्रश्न भरवशाचा आहे. कंपनीच्या पानावरचं वर्णन उचलून मराठीत टाकलं, तर गिऱ्हाईकाला नवीन काय मिळालं? ज्यात स्वतःची काहीच भर नाही असं अ‍ॅफिलिएट पान गूगलही स्पॅममध्ये धरतं. त्यापेक्षा पाचच वस्तू निवडा, शक्य तर घरात वापरून बघा, स्वतः फोटो काढा. वस्तू कुणासाठी आहे आणि कुणी घेऊ नये, हे दोन्ही लिहा. "हा पंप हलका आहे, पण दिवसभर फवारणी करणाऱ्याने घेऊ नये" असं वाक्य वाचकाला खरं वाटतं.

तिसरा प्रकार : ऑर्डर दिसते, कमिशन दिसत नाही

वस्तू परत गेली तर कमिशनही परत जातं. वस्तूच्या प्रकारानुसार दर वेगळे असतात. काही प्रकारांवर कमिशन मिळतच नाही. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी घेतलेली वस्तू अ‍ॅमेझॉन धरत नाही. मामू, खाला, शेजारी यांना लिंक पाठवून ऑर्डर करायला लावणं हाही उपाय नाही, त्यात खातं बंद होण्याचा धोका आहे. अ‍ॅमेझॉनवर नवीन खात्याला १८० दिवसांत तीन पात्र विक्री दाखवाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं आणि पुन्हा अर्ज करावा लागतो.

प्रामाणिकपणा हा कायदाही आहे

कमिशन मिळतं हे वाचकापासून लपवू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने काढलेले नियम हेच सांगतात. कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तो साध्या भाषेत, सहज दिसेल असा सांगावा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लेखाच्या सुरुवातीलाच एक ओळ पुरते: "या लिंकवरून खरेदी केल्यास मला कंपनीकडून कमिशन मिळतं, तुम्हाला जादा पैसे लागत नाहीत."

"फक्त २ नग शिल्लक", "ऑफर १० मिनिटांत संपणार" असं खोटं लिहू नका. नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या सूचनांनुसार ही खोटी घाई मना आहे. आणि आपल्याकडे तर ही शिकवण फार जुनी आहे. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघडा करणाऱ्या आणि ओलं धान्य वर ठेवा म्हणजे लोकांना दिसेल असं सांगणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. वस्तूचा दोष लेखात वर लिहिणं म्हणजे तेच.

जास्त कमिशनच्या मोहाने कर्ज, क्रेडिट कार्ड, पैज लावायचे गेम यांच्या लिंक टाकण्याचा सल्ला काही जण देतात. व्याज आणि जुगार आपल्याला मना आहे, तेव्हा त्याची दलालीही नको. साइटवर गूगलच्या जाहिराती लावल्या असतील तर जुगारासारखे प्रकार अ‍ॅडसेन्सच्या सेटिंगमधून बंद करता येतात.

हंगाम बघून लिहा

रमजान दरवर्षी साधारण १०-११ दिवस अलीकडे येतो. गूगलवर नवीन लेख वर यायला वेळ लागतो, म्हणून ईदचा लेख दीड-दोन महिने आधी टाका. दप्तर-टिफिनचा लेख एप्रिलमध्ये, फवारणी पंपाचा जूनच्या आधी. ईदच्या आदल्या दिवशी लिहिलेला लेख पुढच्या वर्षीच कामाला येतो.

किती दिवस थांबावं?

वहीत दोन रकाने करा: खर्च आणि जमा. डोमेन, होस्टिंग, इंटरनेट, क्लास, सगळं लिहा. मग सहा महिन्यांची मुदत ठरवा. त्या काळात खरेदीचे दहा चांगले लेख, लिंकची महिन्यातून एकदा तपासणी आणि अहवालाची नोंद, एवढं नेमाने करा. क्लिक आणि ऑर्डर थोड्या का होईना वाढल्या तर पुढे चला. काहीच हललं नाही तर बंद करण्यात कमीपणा नाही. लिहायला, फोटो काढायला, आकडे वाचायला शिकलात, हे कौशल्य एखाद्या दुकानाचं ऑनलाइन काम करायलाही उपयोगी पडतं. सहा महिन्यांच्या आत घरखर्च या कमाईवर टाकू नका आणि त्यासाठी उधारी तर मुळीच करू नका.

शेवटची सावधगिरी. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांच्या अ‍ॅफिलिएट योजनेत नाव नोंदवायला फी नसते. "आधी पैसे भरा, मग माणसं जोडा, मग कमिशन" असं कुणी म्हणत असेल तर ते अ‍ॅफिलिएट नव्हे, ती साखळी योजना आहे, आणि २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी आहे. पैसे अडकले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची आशा कमी.