पुनरावृत्ती स्टाफची की स्कोअरची?

पाश्चात्त्य स्वरलेखनात पुनरावृत्तीचे चिन्ह म्हणजे एक बारीक रेषा, एक जाड रेषा आणि दोन ठिपके. ते दिसते स्टाफवर, म्हणजे पाच रेषांच्या पट्टीवर. पण बोलते काळाबद्दल: मागे जा, तेवढाच भाग पुन्हा वाजव. व्हायोलिन मागे गेले आणि चेलो पुढे निघाला, तर दोघांचा मेळ तिथेच तुटतो. म्हणून ही पुनरावृत्ती एकट्या स्टाफची नसते, सबंध स्कोअरची, म्हणजे एकाखाली एक मांडलेल्या सगळ्या स्टाफची असते.

स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर म्यूझस्कोअर हे तत्त्व सक्तीने पाळते. कोणत्याही एका स्टाफवर हे चिन्ह ठेवा, ते सगळ्या स्टाफना लागू होते. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन यांनी १९९६ साली सुरू केलेल्या लिलीपाँड या सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक वाद्याचे संगीत मजकुराच्या रूपात वेगवेगळे लिहिले जाते, आणि खरी गुंतागुंत तिथे आहे. 'रिपीट व्होल्टा' ही आज्ञा एकाच स्टाफच्या मजकुरात लिहिली तरी ठिपक्यांची रेषा सगळ्या स्टाफवर छापली जाते, कारण बाररेषांचा कारभार स्कोअरच्या पातळीवर चालतो. पहिल्या-दुसऱ्या शेवटाचे कंसही तिथूनच येतात. म्हणून ते फक्त सर्वांत वरच्या स्टाफवर दिसतात. तंतुवाद्यांच्या वरही हवे असतील, तर कंस काढणारा 'व्होल्टा एन्ग्रेव्हर' त्या स्टाफला वेगळा जोडावा लागतो.

पान निर्दोष दिसते, आणि चूक नेमकी इथेच लपते. मिडी ध्वनीसाठी पुनरावृत्त्या उलगडण्याची आज्ञा दिली, की ज्या स्टाफच्या मजकुरात पुनरावृत्ती आहे तेवढाच लांबतो. आठ बारांचा भाग बासरीत सोळा बारांचा होतो, पियानोत आठच राहतो, आणि तिथून पुढचे सगळे एकमेकांवर आदळते. छपाईला चिन्ह पुरते. ध्वनीला रचना लागते. माझ्या मते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे तथ्य हेच आहे, आणि ते शिकवताना सर्वांत उशिरा सांगितले जाते.

एकाच वाद्याने तोच बार पुन्हा वाजवायचा असेल, तर ती वेगळी जात. तिथे काळ मागे जात नाही, फक्त लिहिण्याचे श्रम वाचतात. तबल्याच्या एकल वादनात लेहऱ्याची, समजा सोळा मात्रांची, तीच धून फिरत राहते आणि तबला दर आवर्तनाला नवे काही मांडतो. हे पाच रेषांवर उतरवताना लेहऱ्याच्या स्टाफवर तिरप्या रेघेचे आणि दोन ठिपक्यांचे 'पर्सेंट' चिन्ह वापरावे. ते त्या स्टाफपुरतेच असते. तबल्याच्या ओळीला हात लागत नाही. इथे व्होल्टा वापरला, तर तबलाही मागे ओढला जाईल.

व्होल्टाच्या दुसऱ्या फेरीत एकाच वाद्याचे सूर बदलत असतील, तरी पर्यायी शेवट सगळ्या वाद्यांच्या मजकुरात लिहावा, मग बाकीच्यांचे सूर दोन्ही वेळा तेच का असेनात.

या नियमाला ताण देणाऱ्या रचनाही आहेत. मोत्सार्टच्या 'डॉन जिओव्हानी' या ऑपेरात (१७८७) पहिल्या अंकाच्या शेवटी तीन वाद्यवृंद ३/४, २/४ आणि ३/८ अशा तीन तालांत एकाच वेळी वाजतात. तिथे बाररेषा स्टाफगणिक वेगळ्या असतात; त्यासाठी लिलीपाँडमध्ये काळ मोजणारा भाग स्कोअरकडून काढून प्रत्येक स्टाफकडे द्यावा लागतो. तरीही घड्याळ एकच राहते. टेरी रायलीच्या 'इन सी'मध्ये (१९६४) मात्र ५३ तुकडे आहेत आणि प्रत्येक वादक आपला तुकडा हवा तितक्या वेळा घोळवतो. अशा रचनेला एकाखाली एक जुळवलेले स्टाफ लागूच पडत नाहीत. सगळ्यांपुढे तेच पान ठेवणे हाच योग्य उपाय.

लिलीपाँड वापरणाऱ्यांना एवढीच विनंती: पुनरावृत्तीचा तोच सांगाडा प्रत्येक वाद्याच्या मजकुरात लिहा आणि वादकांच्या हाती पाने देण्यापूर्वी स्कोअर एकदा उलगडून प्रत्येक स्टाफचे बार मोजून पाहा.