तीन मिनिटांचें गाणें आणि खानदेशांतील तरुण पिढी

वाङ्मयाचा इतिहास लिहितांना छापखान्यास जें मानाचें पान मिळतें, तें ध्वनिमुद्रणाच्या यंत्रास मिळत नाहीं. ग्रंथ छापील झाले म्हणून गद्य बदललें, हें सर्वांस मान्य असतें. परंतु गाणें तबकडीवर चढलें म्हणून कविताहि बदलली, असें म्हटल्यास सुशिक्षित मंडळी किंचित् हंसतात. पाश्चात्य देशांत ज्यास पॉप अथवा रॉक संगीत म्हणतात, त्याचा सारा संसार एका लहानशा तबकडीवर, म्हणजे तिकडे ज्यास 'सिंगल' म्हणतात त्या सुट्या गाण्यावर, उभा राहिला. आणि तिकडील पंडितांनीं तरुणांच्या आवडीनिवडीचा अभ्यास म्हणून त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. आमच्याकडे तसें कांहीं घडलेंच नाहीं, अशी समजूत आहे. ती कितपत खरी आहे, हें जळगांव व धुळें या दोन जिल्ह्यांच्या उदाहरणावरून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. मुंबई-पुण्याचीं उदाहरणें वाचकांच्या परिचयाचीं आहेत, हें खानदेश निवडण्याचें एक कारण. आणि या कथेचा उत्तरार्ध खानदेशाइतका ठळक दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल, हें दुसरें.

हिंदुस्थानांत ग्रामोफोनसाठीं पहिलें ध्वनिमुद्रण कलकत्त्यास १९०२ सालच्या नोव्हेंबरांत झालें. गौहरजान या गायिकेनें त्या वेळीं गायिलेल्या चिजा सर्वश्रुत आहेत. तबकड्या प्रथम जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होऊन येत. १९०८ पासून कलकत्त्याजवळ सियालदह येथें त्या निघूं लागल्या. दहा इंची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई व तिच्या एका बाजूस तीन, फार तर साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. तबकडी लाखेची, सुई पोलादाची, आणि ती सुईहि एकेक बाजू वाजल्यावर बदलावी लागे. गाणें किती लांब असावें हें आजवर गवयाची दमछाक किंवा श्रोत्यांची हौस ठरवीत असे. आतां तें लाखेची चकती ठरवूं लागली. ही गोष्ट वरवर क्षुल्लक, पण पुढील सर्व कथा तिच्यांतून निघाली आहे.

जळगांवास या कथेंत प्रथमपासून जागा आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (जन्म १८८८), लहानपणीं जळगांवास आप्तांकडे राहून महबूबखां यांच्यापाशीं गाणें शिकले. पुढें १९०५ सालीं ते किर्लोस्कर मंडळींत गेले. त्यांच्या नांवाचें खुलें नाट्यगृह आज जळगांवांत उभें आहे. 'मानापमान' १९११ सालीं आणि 'स्वयंवर' १९१६ सालीं रंगभूमीवर आलें, व त्यांतील पदें तबकड्यांवरून घराघरांत गेलीं. रंगभूमीवर एकेक पद 'वन्समोअर'च्या गजरांत वाटेल तितका वेळ चाले. तबकडीवर तेंच पद तीन मिनिटांत आटोपावें लागे. आलाप गेला, ताना मोजक्या राहिल्या, आणि मुखडा मात्र उठून दिसूं लागला. ज्या मुलानें नाटक कधीं पाहिलें नाहीं, त्यास पद मात्र पाठ! तापीच्या खोऱ्यांतून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग १९००च्या सुमारास झाला होता, त्याच सुमारास चाळीसगांव-धुळें हा फांटाहि झाला. नाटक मंडळींच्या पेट्या आणि तबकड्यांचीं खोकीं या एकाच वाटेनें येत.

तरुणांचें म्हणतां येईल असें स्वतंत्र गाणें मात्र याच्या नंतरचें. १९३२च्या सुमारास मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनीं तबकडीवर गायिली आणि ती महाराष्ट्रभर झाली. मेहकर वऱ्हाडांतलें, खानदेशच्या शेजारचें. जोशी पुढें एच.एम.व्ही. कंपनींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले, आणि भावगीत हा प्रकार त्यानंतर कांहीं वर्षांत रूढ झाला. भावगीताची व्याख्या करतांना टीकाकार आत्मनिष्ठा, उत्कटता वगैरे शब्द वापरतात. आमच्या मतें त्यांत एक गद्य शब्द घालावयास हवा, तो म्हणजे 'एका बाजूचें'. दोन-तीन कडवीं, एकच भाव, आरंभींच मनांत बसणारें ध्रुपद, आणि सुई मध्यास पोंचण्यापूर्वीं समाप्ति, हें भावगीताचें अंग तबकडीनें घडविलें आहे. कीर्तनांतील पदास पुराणाचा आधार होता, नाट्यपदास कथेचा. भावगीतास यांपैकीं कांहींच नको होतें. ज्या वयांत मनुष्य आपलें दुःख जगांत पहिलेंच आहे असें समजतो, त्या वयास असें गाणें सोयीचें, आणि वडील मंडळींस तें न आवडण्याचें कारणहि बहुधा हेंच. राष्ट्रीय चळवळीचीं पदें मात्र या वाटेनें आलीं नाहींत. १९३६ सालीं फैजपूरला काँग्रेसचें ग्रामीण अधिवेशन भरलें. त्या दिवसांतलीं प्रभातफेरीचीं पदें तोंडोतोंडींच पसरलीं. एकाच तरुणाच्या कंठीं सकाळीं एक गाणें व रात्रीं दुसरें असे, यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं.

१९४९ सालीं अमेरिकेंत मिनिटास ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी निघाली. ती स्वस्त, हलकी, न फुटणारी. शाळकरी पोरास खाऊच्या पैशांत परवडणारी. रॉक संगीताचा पुढील सर्व पसारा तिच्यावर झाला. आमच्याकडे ती आली खरी, पण जुनी लाखेची तबकडी हटली नाहीं. वाचकांस आश्चर्य वाटेल, पण बीटल्स या इंग्रज चौकडीचीं गाणीं १९६३ ते १९६५च्या सुमारास हिंदुस्थानांत ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर निघत होतीं. विलायतेंत त्या प्रकारच्या तबकड्या तोंवर बंद पडल्या होत्या. कारण साधें आहे. नवें यंत्र विजेवर चाले, जुनें चावीवर. ज्या खेड्यांत विजेचा खांब नाहीं तेथें चावीचा फोनोच चाले, आणि तशीं खेडीं त्या काळीं सर्व देशभर, खानदेशांतहि, उदंड होतीं. तबकड्यांचा हा संग्राहकांस प्रिय झालेला चमत्कार आमच्या दारिद्र्याचा पुरावा आहे, हें संग्राहक सहसा सांगत नाहींत.

दरम्यान रेडिओ आला. १९५२ सालीं केंद्रीय मंत्री केसकर यांच्या धोरणामुळें आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं, तेव्हां तरुणांचे कान सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजीं 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गाण्यांची क्रमवारी आमच्या पोरांस तिनें शिकविली. आकाशवाणीनें हार खाऊन १९५७ सालीं 'विविध भारती' काढली. येथें एक योगायोग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बरोबर एक वर्ष आधीं, ३ डिसेंबर १९५१ रोजीं, जळगांव येथें बहिणाबाई चौधरी वारल्या. त्या आसोद्याच्या, निरक्षर. घरोट्यावर व शेतांत गात. सोपानदेवांनीं व आप्तांनीं तें गाणें लिहून ठेविलें, अत्र्यांनीं तें डोक्यावर घेतलें आणि १९५२ सालीं पुस्तक निघालें. १९६१ सालीं 'मानिनी' या चित्रपटांत वसंत पवारांनीं त्यांतील कांहीं गाण्यांस चाली दिल्या, आणि घरोट्याचें गाणें तबकडीवरून पुन्हां खानदेशांत परत आलें. मात्र एक खुलासा करावयास हवा: बहिणाबाईंची बोली लेवा पाटीदारांची, अहिराणी नव्हे, बाहेरचे लोक या दोहोंची सरमिसळ करतात.

अहिराणीस तबकडीनें फारसें विचारलें नाहीं. कंपनीचा हिशेब खपाचा, आणि अहिराणी बोलणारा मनुष्य स्वतःच शहरांत गेल्यावर ती बोलण्यास लाजे. ग्रिअर्सननें भाषांच्या पाहणींत खानदेशीची गणना भिल्ल बोलींच्या खंडांत केली, जनगणना तिला मराठीहून वेगळी मोजते, आणि शाळामास्तर तिला अशुद्ध मराठी म्हणतो; असल्या त्रिशंकु भाषेवर भांडवल कोण लावणार? १९८०च्या दशकांत कॅसेट आली आणि हा हिशेब उलटला. कॅसेट काढण्यास कारखाना लागत नाहीं. एक मुद्रणयंत्र व चार कोऱ्या फिती असल्या कीं भागतें. ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी देशभर मोडली ती यामुळेंच. श्रावणांत कानबाईचा उत्सव येतो, रोट होतात, रात्रभर बायका गातात; तीं गाणीं, लग्नांतलीं गाणीं, बाजारांत फितीवर मिळूं लागलीं. आपली बोली यंत्रांतून ऐकूं येते, यंत्रास ती बोलतां येते, याचें त्या पिढीस जें अप्रूप वाटलें, तें प्रमाण मराठींत वाढलेल्या वाचकांस समजावून सांगणें कठीण आहे.

अमेरिकेंत गाण्याची परीक्षा नाणें टाकून वाजविण्याच्या यंत्रावर होई. खानदेशांत ती वरातींत होते. येथील बँड प्रसिद्ध आहेत. वरातीपुढें पोरें नाचलीं तर गाणें जगलें, न नाचलीं तर मेलें, असा रोकडा निवाडा. साक्री-नवापूरकडील डोंगरी भागांत भिल्ल-कोकणा लोकांचें पावरी हें भोपळ्यापासून केलेलें सुषिर वाद्य आहे. त्याची धून विजेच्या पेटीवर चढून मैदानी वरातींत आली, आणि ज्यांनीं डोंगरांतला माणूस कधीं पंगतीस घेतला नाहीं त्यांच्या दारापुढेंहि तिच्यावर फेर धरले जाऊं लागले. हें समाजसुधारणेचें लक्षण आहे असा आमचा दावा नाहीं. धून घेतली आणि धनी विसरला, असेंहि म्हणतां येईल.

यानंतर भ्रमणध्वनि व यूट्यूब. सुटें गाणें, सिंगल, पुन्हां राजा झालें; फरक इतकाच कीं, आतां तें विकत घ्यावें लागत नाहीं. २०१९च्या सुमारास गाजलेलें 'बबल्या इकस केसावर फुगे' हें गाणें पाहा. 'इकस' म्हणजे विकतो. विंचरतांना गळलेले केस बायका गुंडाळून ठेवतात. फेरीवाला ते घेऊन मोबदल्यांत पोरांस फुगे देतो, आणि ते केस पुढें टोपांच्या व्यापारांत जातात. गांवगाड्याच्या कडेला उभ्या असलेल्या या धंद्याची नोंद कोणत्या मराठी कवीनें घेतली आहे? ती घेतली एका थट्टेच्या गाण्यानें, आणि महाराष्ट्रांतील मिरवणुका तिच्यावर नाचल्या. त्यानंतर २०२३च्या सुमारास 'हाई झुमकावाली पोर' देशभर पसरलें. ज्यांस अहिराणी हा शब्द ठाऊक नव्हता तेहि ती गुणगुणले. या गाण्यांतील शृंगार उथळ असतो, पोर म्हणजे झुमका आणि चाल याहून अधिक कांहीं असते याची शंकाहि पुष्कळ रचनाकारांस येत नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु हाच आक्षेप नाट्यपदांवर व भावगीतांवर झाला होता, आणि तो करणारांच्या घरांतहि तबकड्या वाजत होत्या.

अधिक चिंतेची गोष्ट दुसरीच आहे. २००१च्या जनगणनेंत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे सुमारें पावणेएकवीस लाख होते; २०११ सालीं ते सुमारें साडेअठरा लाख झाले. जनगणनेंत मनुष्य काय बोलतो यापेक्षां काय सांगतो तें मोजलें जातें, हें खरें. तरी गाणें देशभर जात आहे आणि भाषा सांगणारे घटत आहेत, ही जोडी विचार करण्यासारखी आहे. वरातींत तीन मिनिटें अहिराणी आणि घरीं आल्यावर मुलाशीं प्रमाण मराठी, अशी वांटणी पुष्कळ घरांत झाली आहे. गाण्यानें भाषेची लाज घालविली. बोलण्याची गरज तें कोठून आणणार?

धुळें हें गांव कागद सांभाळण्यासाठीं प्रसिद्ध आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं तेथें वारले, १९२७ सालीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ निघालें. शंकरराव देवांनीं जमविलेलीं रामदासी बाडें समर्थ वाग्देवता मंदिरांत आहेत. बाड दोनशें वर्षें टिकतें, लाखेची तबकडी जपल्यास शंभर. कॅसेटीची फीत मात्र तीस-चाळीस वर्षांतच झडूं लागते, आणि जालावरील गाणें ज्याचें खातें त्याच्या मर्जीवर राहतें. १९८५ सालची कानबाईची फीत उतरवून घ्यावयाची तर ती आजच घ्यावी लागेल. आणि तिच्यावर गाणाऱ्या ज्या बायका हयात असतील त्यांचीं नांवें त्याच बैठकींत विचारावीं लागतील, कारण वेष्टनावर तीं बहुधा 'आणि मंडळी' या दोन शब्दांत आटोपलेलीं असतात.