टॉमी डग्लसचा पाय

टॉमी डग्लस हे नाव आपल्याकडं कुणाला माहीत असायचं कारण नाही. कॅनडा म्हटलं की आपल्याला बर्फ, गहू आणि तिकडं गेलेले पंजाबी एवढंच आठवतं. हा माणूस त्या देशातल्या सस्कॅचवान नावाच्या प्रांताचा १९४४ ते १९६१ अशी सतरा वर्षं प्रीमियर होता, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री. २००४ साली तिथल्या सीबीसी टेलिव्हिजननं लोकांना विचारलं, तुमच्यात आजवरचा सगळ्यात मोठा माणूस कोण? लोकांनी मतं टाकून याला पहिला काढला. त्या पहिल्या नंबरशी मला काही देणंघेणं नाही. मोठ्या माणसांच्या याद्या करणारे करोत. मला लिहायचंय ते त्याच्या उजव्या पायाबद्दल, आणि त्यानं १९३३ साली लिहिलेल्या एका प्रबंधाबद्दल. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, हे पचायला मला बरेच दिवस लागले.

जन्म १९०४ चा, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावचा. बाप फाउंड्रीत लोखंड ओतणारा. पोरगा लहानपणी पडला, गुडघ्याला लागलं आणि जखम हाडात उतरली. १९१० साली कुटुंब पोटासाठी कॅनडात, विनिपेग शहरात गेलं. तिथंही हाडातला पू थांबेना. डॉक्टर त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात. पेनिसिलिन अजून निघायचं होतं. एकामागून एक ऑपरेशनं झाली. शेवटी सांगण्यात आलं, पाय कापावा लागेल. स्पेशालिस्टला द्यायला बापाकडं दमडी नव्हती. तेवढ्यात हाडांचा एक नावाजलेला सर्जन वॉर्डातून फिरताना थांबला. केस त्याला शिकवण्यासारखी वाटली. आईबापांना म्हणाला, फुकट करतो, पण माझे विद्यार्थी बघतील. आईबाप हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पाय वाचला.

ही गोष्ट डग्लस पुढं आयुष्यभर सभांतून सांगत राहिला. त्या सर्जनचे उपकार तो कधी विसरला नाही. पण गोष्टीतून त्यानं काढलं काय, ते बघा. श्रीमंताच्या पोराला हाच सर्जन हुकमानं मिळाला असता. गरिबाच्या पोराचा पाय राहणार की जाणार हे, त्या दिवशी त्या वॉर्डातून कोण गेलं यावर ठरलं. दयेवर पाय वाचतो, पण दया दर वॉर्डात येत नाही.

फुकटातही एक मेख असते, ती त्यानं फारशी बोलून दाखवली नाही. आपल्याला ती ठाऊक आहे. माझ्या मावशीला एका सरकारी दवाखान्यात वीस पोरांच्या घोळक्यात उघडी निजवली होती. मोठा डॉक्टर इंग्रजीत बोलत होता, पोरं वहीत उतरवून घेत होती. मावशी बरी झाली. पण त्या दिवसाबद्दल मरेपर्यंत तिनं तोंडातून शब्द काढला नाही.

असो. पोरगा मोठा झाला, छापखान्यात उमेदवारी केली, लायनोटाइपवर बसला. १९१९ साली विनिपेगमध्ये सगळ्या कामगारांचा संप झाला. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी जमावावर गोळ्या घातल्या, दोन माणसं मेली. पंधरा वर्षांचाही न झालेला डग्लस ते एका छपरावरून बघत होता. पुढं तो बॉक्सिंगमध्ये उतरला आणि १९२२ व १९२३ साली मॅनिटोबा प्रांताचा लाइटवेट चॅम्पियन झाला, ते त्याच कापायच्या पायावर उभं राहून. मग कॉलेज करून बॅप्टिस्ट पाद्री झाला आणि १९३० साली सस्कॅचवानमधल्या वेबर्न गावच्या चर्चमध्ये लागला.

ती दुष्काळाची आणि मंदीची वर्षं. गव्हाचा भाव कोसळलेला, शेतातली माती वाऱ्यावर उडून चाललेली. पाद्री म्हणून त्याला डॉक्टराविना मेलेल्या तरुण माणसांना मूठमाती द्यावी लागे. जवळच एस्तेवानला १९३१ साली कोळसा खाणकामगारांचा संप झाला, पोलिसांच्या गोळ्यांनी तीन कामगार मेले. हा त्यांच्यासाठी अन्नधान्य घेऊन गेला होता. इथवर गोष्ट सरळ आहे. आपला माणूस वाटतो.

आणि याच काळात, १९३३ साली, त्यानं मॅकमास्टर विद्यापीठाला एम.ए.चा प्रबंध दिला. विषय होता कमी प्रतीच्या कुटुंबांचा प्रश्न. शब्द नीट वाचा, कमी प्रतीची कुटुंबं. बारा बायका निवडल्या, त्याच्या मते अनीतीच्या आणि मंदबुद्धीच्या. त्यांची पोरं, नातवंडं मोजली. किती तुरुंगात गेली, किती सरकारी मदतीवर जगतात, याचा हिशेब मांडला. आणि उपाय काय सुचवले? लग्नाआधी डॉक्टरचा दाखला. काहींना वेगळं काढून सरकारी शेतीवर ठेवणं. आणि ज्यांची बुद्धी कमी ठरेल त्यांची नसबंदी.

बारा बायकांना एका पाद्र्यानं वहीत उतरवून घेतलं. फुकट ऑपरेशनासाठी ज्याला स्वतःला विद्यार्थ्यांपुढं ठेवलं होतं, त्याच पोरानं.

त्याचे चाहते म्हणतात, त्या काळी सगळेच तसं बोलत. खरंय. शेजारच्या अल्बर्टा प्रांतानं १९२८ सालीच नसबंदीचा कायदा केला होता आणि तो १९७२ पर्यंत चालवला. ब्रिटिश कोलंबियानं १९३३ साली केला. पण ‘सगळे’ म्हणजे कोण? त्या बारा बायकांना कुणी विचारलं होतं? आणि आपण फार लांबून बोलतोय असंही नाही. आणीबाणीत १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्याच विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच.

आता दुसरी बाजू, कारण तीही तितकीच खरी आहे. १९३६ साली डग्लस युरोपात गेला, हिटलरचा जर्मनी डोळ्यांनी बघून आला. १९४४ साली मुख्यमंत्री झाला तेव्हा आरोग्यखातंही त्यानं स्वतःकडंच ठेवलं. मनोरुग्णांच्या व्यवस्थेची पाहणी झाली, नसबंदीची शिफारस सरकारी कागदावर त्याच्याच टेबलावर आली. त्यानं ती फेकून दिली. मंदबुद्धी म्हटलेल्यांना कामधंद्याचं शिक्षण आणि मनोरुग्णांना उपचार, हा रस्ता धरला. प्रबंधाबद्दल मात्र नंतर तो फारसं बोलला नाही. जाहीर बोलायला हवं होतं, असं माझं मत आहे.

राजकारण थोडक्यात सांगतो. १९३२ साली कॅलगरीत शेतकरी, कामगार आणि समाजवादी मंडळींनी सीसीएफ नावाचा पक्ष काढला. डग्लस १९३४ साली प्रांतात पडला, १९३५ साली ओटावाच्या पार्लमेंटात निवडून गेला. बोलायला एक नंबर. उंदीर दर निवडणुकीत कधी काळ्या तर कधी पांढऱ्या मांजरांनाच निवडून देतात, ही गोष्ट त्यानं देशभर गाजवली. मूळ ती क्लॅरी गिलिस या खाणकामगार खासदाराची. १९४४ च्या निवडणुकीत सस्कॅचवानमधल्या ५२ पैकी ४७ जागा सीसीएफनं घेतल्या. उत्तर अमेरिकेतलं हे पहिलं समाजवादी सरकार. सरकारी मोटार विमा, खेड्यापाड्यांत वीज, कामगारांना संघटनेचा हक्क, १९४७ साली वंश-धर्मावरून भेदभावाला बंदी घालणारा कायदा. १ जानेवारी १९४७ पासून दवाखान्यात भरती होणाऱ्याचा खर्च सरकारी विम्यावर. वर्षाला माणशी पाच डॉलर वर्गणी, कुटुंबाला जास्तीत जास्त तीस.

मूळनिवाशांचं काय केलं, हे आपण विचारायलाच पाहिजे. त्यांच्या विखुरलेल्या संघटना १९४६ साली एकत्र आल्या, त्याला डग्लसनं हातभार लावला. प्रांतात मतदानाचा हक्क त्यांना १९६० साली मिळाला. गंमत अशी की त्यांच्या पुढाऱ्यांपैकी कित्येक या मताला बिचकत होते. मत घेतलं तर जुन्या करारांनी मिळालेले हक्क जातील काय, ही भीती. गोऱ्या समाजवाद्यांना ते कोडं वाटायचं. तुम्ही आमच्यासारखे व्हा म्हणजे सगळं ठीक होईल, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब आपल्यालाही कुणी कुणी शिकवलेला आहे.

आता डॉक्टरांचा संप. दवाखान्याचा खर्च सुटला, पण डॉक्टरची फी राहिली होती. १९५९ साली डग्लसनं जाहीर केलं, तीही सरकार भरणार, सगळ्यांची. १९६० ची निवडणूक याच मुद्द्यावर झाली. डॉक्टरांच्या संघटनेनं वर्गणी काढून विरोधात प्रचार केला. आमचे डॉक्टर निघून जातील, बाहेरचे गाळीव डॉक्टर येतील, बायकांचं दुखणं कळेनासं झालं की त्यांना वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, असली भीती घातली. लोकांनी तरी डग्लसलाच निवडलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा झाला आणि त्याच महिन्यात तो मुख्यमंत्रिपद सोडून नव्या एनडीपी पक्षाचा देशपातळीवरचा नेता म्हणून निघून गेला. घाव झेलायला मागं उरला वुड्रो लॉइड नावाचा शांत शाळामास्तर.

१ जुलै १९६२ ला कायदा लागू झाला आणि बहुतेक डॉक्टरांनी दारं बंद केली. पोटासाठी नव्हे, हेही लक्षात घ्या, त्यांचं उत्पन्न पुढं वाढलंच. मुद्दा होता मालकीचा. सरकारनं ब्रिटनमधून डॉक्टर आणले. लोकांनी वर्गण्या काढून सहकारी दवाखाने उघडले. ११ जुलैला रेजायनाला विरोधकांचा प्रचंड मेळावा होणार अशी हवा होती, आले चारपाच हजार. लंडनहून आलेल्या लॉर्ड टेलरनं मध्यस्थी केली आणि २३ दिवसांनी संप मिटला. डॉक्टरांना प्रत्येक रुग्णामागं फी मिळत राहिली, सरकारी पगारावर कुणी आलं नाही. ही तडजोड मला लंगडी वाटते. पण खेड्यातल्या माणसाच्या हातात बिल यायचं बंद झालं.

डग्लस स्वतः जून १९६२ मध्ये रेजायनातून पडला, दुसरीकडून निवडून आला आणि १९७९ पर्यंत खासदार राहिला. १९६४ साली लॉइडचं सरकार गेलं. नव्या सरकारनं योजना मोडली नाही, पण १९६८ साली प्रत्येक भेटीमागं थोडी फी बसवली. लगेच गरिबांचं डॉक्टरकडं जाणं कमी झालं. १९७१ साली एनडीपीनं ती काढली. १९६६ साली देशाचा कायदा आला आणि १९७२ पर्यंत सगळ्या प्रांतांत योजना पोचली. डग्लस १९८६ साली वारला.

आणि २०१७ साली सस्कॅचवानमधूनच एक अहवाल आला, सॅस्कटून शहराच्या आरोग्ययंत्रणेबद्दल. बाळंतपणासाठी आलेल्या मूळनिवासी बायकांवर दबाव आणून त्यांच्या नळ्या बांधल्या होत्या. हे डग्लसच्या नावावर टाकता येत नाही, त्यानं ती शिफारस नाकारली होती. तो मेल्यालाही तीस वर्षं झाली होती. पण १९३३ च्या प्रबंधातला हिशेब या दवाखान्यात पुन्हा कुणीतरी मांडत होतं. प्रसूतीच्या कळांत असताना सह्या मागितल्या गेल्या. यंत्रणेनं माफी मागितली. त्यातल्या एकीलाही बिल आलं नव्हतं. नंतर कित्येकींनी दवाखान्यात जायचंच टाळलं, आजारी असतानासुद्धा.