परमुलखातला वाढदिवस

कामं उरकली का? नसतील उरकली तरी चालेल. हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक चालली होती. तेवढ्यात एकीचा फोन वाजला. तिची लेक जिल्ह्याच्या गावी नर्सिंगला आहे, वसतिगृहात राहते. त्या दिवशी तिला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. फोनच्या पडद्यावर खोलीतल्या चार मुली दिसत होत्या, मधे बिस्किटांचा पुडा आणि त्यावर एक मेणबत्ती. आमच्यातली एकजण उठली, देव्हाऱ्यातलं निरांजन घेऊन आली आणि तिनं फोनलाच ओवाळलं. आम्ही पोट धरून हसलो. मग पोरीची आई एकदम गप्प झाली. म्हणाली, "मला अठरा पूर्ण झाली तेव्हा थोरला मांडीवर होता का पोटात, ते पण सांगता यायचं नाही. माझी जन्मतारीख १ जून."

आता तुम्हीच हात वर करा, तुमच्यापैकी कितीजणींची तारीख १ जून आहे? आमच्या गटात निम्म्याहून जास्त निघाल्या. नवऱ्यांचीही तीच, दिरांचीही तीच. याचं कारण सोपं आहे. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" आई सांगायची, "पोळ्याच्या आदल्या दिवशीचा," नाहीतर "दुष्काळ पडला त्या साली, ज्वारीच्या काढणीत." त्यातून तारीख कशी काढायची? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि सहा वर्षं भरलेली दिसायला हवीत. मग मास्तर १ जून लिहून मोकळे. म्हणजे आमचा वाढदिवस आईनं नाही, हजेरीपटानं ठरवला.

त्या दिवशी बैठकीतलं हिशेबाचं काम बाजूला राहिलं आणि आम्ही वेगळाच हिशेब मांडला. घरापासून लांब, कॉलेजात शिकत असताना पोरीचा वाढदिवस यावा, ही गोष्ट आपल्याकडे कधीपासूनची? त्या वाटेवर सगळ्यात आधी कोण गेलं? शोधत गेलो तर आपल्याच मराठी मुलखातली एक बाई भेटली. आनंदीबाई जोशी.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. तारीख पक्की आहे, १ जूनवाली नव्हे. माहेरचं नाव यमुना. माहेर कल्याणच्या जोशांचं. नऊ वर्षांची असताना तिचं लग्न गोपाळराव जोशांशी झालं. ते पोस्टात नोकरीला, बिजवर, वयानं तिच्याहून वीसएक वर्षांनी मोठे. सासरी तिचं नाव आनंदी ठेवलं. गोपाळरावांना बायकोला शिकवायचं वेड होतं. हे वेड कधीकधी फार कडक असायचं, त्या पोरीला त्याचा त्रासही झाला. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईला बघायला बाई डॉक्टर नाही, तर बाई अन् बाळ वाचणार कसं? हे तिच्या मनात घर करून बसलं.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालकडे झाली. २४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाई श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला का जातो आहोत, ते त्यांनी भर सभेत सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असंही बजावलं. ३१ मार्चला त्यांना अठरा वर्षं पूर्ण झाली. बरोबर आठवड्यानं, ७ एप्रिलला, त्या कलकत्त्याच्या धक्क्यावरून बोटीत चढल्या. नवरा बरोबर नाही, माहेरचं कुणी नाही. जवळजवळ दोन महिने पाण्यावर काढून ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या.

तिथं धक्क्यावर त्यांना घ्यायला एक बाई उभी होती. थिओडोशिया कार्पेंटर तिचं नाव, न्यूयॉर्कजवळच्या रोझेल गावची. नातं ना गोतं. गोपाळरावांचं एक पत्र अमेरिकेतल्या मासिकात छापून आलं होतं. ते या बाईनं दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि तिनं उलट पत्र टाकलं. त्या पत्रापत्रीतून जीव जडला. आनंदीबाई तिला मावशी मानायच्या.

मग फिलाडेल्फिया शहरातलं बायकांचं मेडिकल कॉलेज. हे १८५० साली निघालेलं. आपल्याकडे सावित्रीबाई आणि जोतीबांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ ला, म्हणजे त्याच सुमाराची गोष्ट. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही. हाडं गोठवणारी थंडी, खोलीतली शेगडी धूर करणारी, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा आणि वर अभ्यास.

तिथं त्यांचे तीन वाढदिवस आले. १८८४ ला एकोणीस पूर्ण, १८८५ ला वीस, १८८६ ला एकवीस. आपल्या घरी वाढदिवस म्हणजे काय? तिथीला तेल लावून न्हाऊ घालायचं, पाटावर बसवायचं, सुपारी आणि अंगठीनं ओवाळायचं, काहीतरी गोडधोड करायचं. त्यातही पोराचं कौतुक जास्त. पोरीचं लग्न झालं की तिला कोण ओवाळतंय? आता तर सातासमुद्रापार. पत्र पोचायला महिना-दीड महिना लागायचा. मार्चअखेरीला आशीर्वाद हातात पडायला हवा, तर फेब्रुवारीतच टपालात टाकायला हवा. आपण व्हिडिओ लागत नाही म्हणून चिडतो, तेव्हा हे आठवावं.

आनंदीबाईंचा एक फोटो आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. त्यात तिघीजणी आहेत. एक आपल्या आनंदीबाई, एक जपानच्या केई ओकामी आणि एक सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघींच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, जेवण वेगळं, पण घर सोडून आलेल्या तिघीही. वसतिगृहातल्या त्या चार पोरी फोनवर दिसल्या तेव्हा आम्हाला हा फोटोच आठवला.

११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. एकविसावं वर्ष पुरं व्हायला वीस दिवस होते. समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही गेल्या होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाचं काम त्यांच्यासाठी ठरलं. पण क्षयानं धरलं. मायदेशी येऊन थोडेच महिने झाले होते, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर होता. त्यांची रक्षा कार्पेंटरमावशीकडे पाठवली, आणि तिनं ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. सख्ख्या लेकीसारखी.

मैत्रिणींनो, इथं रडून थांबायचं नाही. आनंदीबाईंच्या आदल्याच साली, १८६४ ला, मुंबईत रखमाबाई जन्मल्या. अकराव्या वर्षी लग्न लावलेलं. मोठी झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्यानं कोर्टात खेचलं. १८८७ ला कोर्ट म्हणालं, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्या तुरुंगाला तयार झाल्या. शेवटी तडजोड झाली आणि १८८९ ला त्या लंडनला डॉक्टरकी शिकायला गेल्या. १८९४ ला डॉक्टर झाल्या, पुढे सुरत आणि राजकोटला बायकांची सेवा केली आणि नव्वद वर्षं जगल्या.

या खटल्यानं देशभर वाद पेटला. १८९१ ला कायदा झाला, बारा वर्षांखालच्या मुलीशी नवऱ्यालाही संबंध ठेवता येणार नाही. १९२९ ला सारडा कायदा आला, मुलीच्या लग्नाचं वय चौदा. मग पंधरा. आणि अठरा कधी झालं? १९७८ ला. म्हणजे आपल्यातल्या कितीतरीजणी जन्मल्यानंतर. आता कळलं, अठरावा वाढदिवस नुसत्या मेणबत्तीचा का नाही ते?

कायद्याबरोबर आणखी एक गोष्ट लागते. लांब गेलेल्या लेकराला तिथं कुणीतरी आपलं म्हणणारं हवं. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची. घरात दाणा उरला नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, पण पोरांना उपाशी ठेवलं नाही. कार्पेंटरबाई काय, लक्ष्मीबाई काय, परक्या लेकरांच्या मावश्याच त्या.

त्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. तुम्हीही आपल्या गटात बोलून बघा.

पहिली, गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाची नोंद एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत झाली का, हे गटानं बघायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून लग्नाच्या नोंदणीपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. शिवाय पक्की तारीख असली की पोरीचं वय कुणाला वाढवून सांगता येत नाही.

दुसरी, कुणाच्या घरात पोरीचं शिक्षण थांबवून लग्नाची बोलणी सुरू झाली, तर गटानं आधी तिचं वय मोजायचं आणि घरच्यांशी जाऊन बोलायचं.

तिसरी, आपल्या गावात परगावच्या मुली शिकायला राहत असतील तर त्यांना सणावाराला घरी बोलवायचं. आपली लेक दुसऱ्या गावात आहे, तिलाही कुणीतरी बोलवत असेल.

आणि हो, त्या १ जूनच्या बाईंचं काय केलं? येत्या १ जूनला गटातल्या सगळ्याजणींचा वाढदिवस एकदम करायचा ठरलंय. तारीख मास्तरांनी दिलेली असली तरी ओवाळायला आम्ही आहोत. त्या नर्सिंगवाल्या पोरीनं फोनवरून सांगितलंय, निरांजन ती तिकडून ओवाळणार.